जमिनीला लागलेली चादर

"ओढा," आल्ग्रेन म्हणाले, आणि एल्नाने चादरीला असा हिसडा दिला की हेडविगच्या बोटांतून तिचं एक टोक सुटता सुटता राहिलं.

"अगं, चादर आहे ती. समुद्रातून जाळं नाही ओढत आहेस."

"मग तू कशाला खांबासारखी उभी राहतेस? मागे रेल की जरा." एल्ना गावातलं एकुलतं एक दुकान चालवत असे आणि माघार घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. "आणि हे दिवे बघ यांचे. घाम फुटलाय मला. ऑक्टोबरात!"

आल्ग्रेननी हात वर केला. कॅमेऱ्याची घरघर थांबली. सिनेमाचा दिग्दर्शक म्हणजे कुणी उंचापुरा, करड्या आवाजाचा माणूस असणार, अशी बेटावर सगळ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात बोटीतून उतरले ते एक बुटके, सदा सर्दी झालेले गृहस्थ. बोलायचे तेही क्षमा मागितल्यासारखं.

"तुमचा दोघींचाही दोष नाही," रुमालाने नाक पुसत ते म्हणाले. "पण हे हात एका घरातले वाटत नाहीत."

सिनेमात एक आई होती आणि तिची मुलगी होती. मुलगी बऱ्याच वर्षांनी घरी येते, दोघींना एकमेकींशी धड बोलता येत नाही, आणि बोलता येत नाही म्हणून त्या घरातली कामं करत राहतात. आईचं काम मोना वेस्टिन करत होती. मोना वेस्टिनचा चेहरा साऱ्या देशाला ठाऊक होता, पण तिच्या हातांना चादर ठाऊक नव्हती. दोन दिवस ती शिकायला धडपडली, नखं मोडून घेतली, आणि शेवटी आल्ग्रेननी ठरवलं की चेहरे नट्यांचे घ्यायचे आणि हात गावातल्या बायकांचे.

म्हणून सकाळपासून गावच्या दगडपेटीच्या खोलीत ही सगळी मंडळी दाटीवाटीने उभी होती. खोलीत मध्यभागी ती भली मोठी लाकडी पेटी होती, दगडांनी गच्च भरलेली. तिच्याखालच्या रुळांना कापड गुंडाळायचं आणि पेटी पुढेमागे लोटायची, की चादर काचेसारखी गुळगुळीत होऊन निघते. पण पेटीखाली जाण्याआधी ओलसर चादर ओढून सरळ करावी लागते, आणि ते एकटीचं काम नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन टोकं धरायची, अंगाचा भार मागे टाकायचा. एकदा तिरकी, मग उलटी तिरकी, मग सरळ. मग दुमड, मग चालत एकमेकींपर्यंत यायचं, टोकं एकीच्या हातातून दुसरीच्या हातात द्यायची, आणि परत मागे.

"एका घरातले वाटतील कसे?" एल्ना म्हणाली. "मी उत्तरेकडच्या वाडीतली. आमच्याकडे आधी सरळ ओढतात. हिच्या आईने हिला आधी तिरकं शिकवलंय. हिच्याबरोबर ओढायला हिची बहीणच पाहिजे."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

"बहीण आहे?" आल्ग्रेनांची मदतनीस बार्ब्रो कागदावरून मान वर करत म्हणाली. चुणचुणीत मुलगी होती, पण शहरातली. "कुठे असतात त्या?"

एल्नाने खिडकीकडे बोट दाखवलं. खाडीच्या पलीकडे, वाऱ्याने वाकलेल्या झाडांच्या मागे, एका धुराड्यातून धूर निघत होता.

"एवढ्या जवळ!"

"ती यायची नाही," हेडविग म्हणाली.

"का पण?"

"कोंबड्या आहेत तिच्याकडे."

"हो ना," एल्नाला राहवलं नाही. "सतरा वर्षं झाली, त्या कोंबड्या काही तिला खाडीच्या अलीकडे येऊ देत नाहीत."

बार्ब्रोने दोघींकडे पाहिलं, काहीतरी समजल्यासारखं केलं, आणि गाडीची किल्ली उचलून बाहेर पडली.

मंडळींनी थर्मास उघडले. वेलदोड्याचे पाव फिरले. हेडविग आपला कप घेऊन खिडकीशी बसली आणि गाडी खाडीला वळसा घालून जाताना तिला दिसत राहिली. ती येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी कॉफी प्यायची राहून गेली.

शनिवारच्या बोटीने हेडविग बेट सोडणार होती. तिचा मुलगा स्तुरे मुख्य भूमीवर राहायचा. त्याने आपल्या घरातली एक खोली तिच्यासाठी रंगवून ठेवली होती. या वयात हिवाळा एकटीने काढू नकोस, असं तो दर फोनला म्हणे, आणि या वर्षी ती हो म्हणाली. घर उन्हाळ्यात येणाऱ्या एका डॉक्टर कुटुंबाला दिलं होतं. सामान बांधून झालं होतं. राहिली होती ती आईची चादरींची पेटी, आणि बहिणीशी, गेर्डाशी, बोलायची एक गोष्ट. पेटीतल्या निम्म्या चादरी गेर्डाच्या वाटणीच्या होत्या, पण त्या न्यायला ती कधी आली नव्हती. त्या एल्नाच्या दुकानात ठेवून जावं असं हेडविगने ठरवलं होतं. बोलायच्या गोष्टीचं मात्र तसं नव्हतं. ती कुणाच्या दुकानात ठेवून जाता येत नव्हती.

सतरा वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूत आई आजारी पडली. मला इथून हलवू नका, असं ती दोघींना बजावून होती. गेर्डा त्या दिवशी मेंढ्या आणायला बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. दुपारी आईचा श्वास असा चालू लागला की हेडविगला ते ऐकवेना, आणि तिने बोट बोलावली. गेर्डा परतली तेव्हा बिछाना रिकामा होता. तिसऱ्या दिवशी तिकडच्या इस्पितळातच आई वारली. दफनाच्या वेळी, माती टाकून झाल्यावर, गेर्डा एकच वाक्य बोलली.

"परक्या चादरीत गेली ती. शिक्का मारलेल्या."

कारण आईने स्वतःसाठी एक चादर वेगळी काढून ठेवली होती. पेटीत सगळ्यांत तळाशी. तिची किनार चार बोटं रुंद होती आणि ती वापरायला कधी कुणाला मिळाली नाही. जुन्या बायका ठेवत तशी, शेवटच्या बिछान्यासाठी.

त्या वाक्यानंतर अबोला. बेट लहान, भेट टळत नाही. चर्चमध्ये, दुकानात, बोटीच्या धक्क्यावर. सतरा वर्षं हेडविगने बहिणीचा पाठमोरा कोट पाहिला होता. दोन कोट, खरं तर. आधीचा निळा विटला तेव्हा तिने राखाडी शिवला.

खाडीवरून गाडी परत आली. पुढच्या सीटवर राखाडी कोट होता.

गेर्डा आत आली ती ताठ मानेने. तिने आल्ग्रेनांशी हात मिळवला, कॅमेरावाल्याशी मिळवला, दिवे धरणाऱ्या पोरांशीही मिळवला. मग ती सरळ चादरींच्या ढिगाकडे गेली. वरच्या चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने आईची दोन अक्षरं भरलेली होती. तिने त्यांवर अंगठा ठेवला.

"लाल अक्षरांच्या आहेत असं मी बोलून गेले," बार्ब्रो आल्ग्रेनांच्या कानाशी कुजबुजली. "तेवढं ऐकलं आणि कोट चढवला त्यांनी."

"एल्ना," गेर्डा म्हणाली. "या आईच्या पेटीतून कुणी बाहेर काढल्या?"

"समोर उभी आहे ना ती. तिलाच विचार."

"मी तुला विचारतेय."

"एल्ना," हेडविग म्हणाली, "यांना जुन्या चादरी हव्या होत्या म्हणून दिल्या. काल मीच धुतल्या. आणि निम्म्या तिच्याच आहेत, सांग तिला. कधीही न्याव्यात."

"मी मागितल्या नव्हत्या, सांग."

"मी काय पोस्ट ऑफिस आहे?" एल्ना म्हणाली. "तिकीट तरी लावा गं बायांनो."

दिवेवाल्यांपैकी एकजण फसकन हसला. आल्ग्रेननी घसा साफ केला आणि फार अदबीने गेर्डाला सांगितलं की फक्त हात दिसतील, चेहरा नाही, बोलायचं तर मुळीच नाही.

"बोलायचं नाही तर जमेल," गेर्डा म्हणाली आणि कोट काढून खुंटीला लावला.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. हेडविगने आपली दोन टोकं उचलली. समोरच्या दोन टोकांना दोन हात आले आणि ते पाहून ती क्षणभर गोंधळली. कोट म्हातारा होताना तिने पाहिला होता. हात पाहिले नव्हते. बोटांचे पेर सुजले होते. उजव्या हाताची करंगळी आईसारखी आत वळली होती.

"ओढा," आल्ग्रेन म्हणाले.

दोघी मागे रेलल्या. तिरकी. कापडाने हलकासा फट् असा आवाज केला. उलटी तिरकी. सरळ. कुणी कुणाला खूण केली नाही. हेडविगला जोर किती लावायचा याचा विचार करावा लागला नाही. समोरून जेवढा यायचा तेवढाच तिच्या हातून निघत होता. मग दुमड, मग चार पावलं पुढे. टोकं देताना गेर्डाची बोटं तिच्या बोटांना लागली. गार होती. गेर्डा चादरीच्या कडेकडे पाहत होती, हेडविगही कडेकडेच. परत मागे. दिवे धरणारी पोरं बघत राहिली. एल्नासुद्धा.

एक चादर झाली, दुसरी झाली. आल्ग्रेन कॅमेऱ्याशेजारी वाकून बघत होते. त्यांचा चेहरा आधी उजळला, मग हळूहळू पडला.

"फार सुरेख," ते म्हणाले. "कसं सांगू? अगदी नको तितकं सुरेख आहे. माझ्या गोष्टीतल्या दोघींचं पटत नाही. आणि हे हात बघून वाटतं की या दोघींचं सगळं आलबेल आहे."

एल्नाने तोंडाला अ‍ॅप्रन लावला. खांदे गदगदायला लागले. "अहो साहेब," ती कसंबसं म्हणाली, "अख्ख्या बेटावर कुणाचं पटत नसेल तर ते..."

"एल्ना," दोघी एकदम म्हणाल्या.

आल्ग्रेननी चष्मा काढून पुसला. मग ते गेर्डाजवळ गेले. "असं करू या. तुम्ही मुलगी आहात. ओढता ओढता तुमच्या मनात काहीतरी येतं, आणि तुम्ही चादर सोडून देता."

"सोडून?"

"हो. पडू द्यायची."

"जमिनीवर?"

"जमिनीवर."

"का?"

"ती रागावलेली आहे."

"ती रागावली असेल. चादरीने काय केलंय?"

आल्ग्रेननी बार्ब्रोकडे पाहिलं. बार्ब्रोने खाली पाहिलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची गरज आहे असं बेटावर कुणाला वाटलंही नसतं. जमिनीला लागलेली चादर परत धुवावी लागते. भट्टी लावा, खाडीवर खळबळा, वाळवा, पुन्हा ओढा. नुसती झटकून घडी घातली असं त्या आईच्या घरात कधी झालं नव्हतं. लहानपणी एकदा हेडविगने मस्करीत टोक सोडलं होतं, तर अख्खा रविवार तिला गरम पाण्यात हात घालून बसावं लागलं होतं. गेर्डा शेजारी बसून हसत होती आणि मधूनच, आई बघत नसताना, चादर पिळू लागत होती.

"जमीन सकाळीच आम्ही दोनदा घासून धुतलीय हो," बार्ब्रो समजुतीने म्हणाली. "साबणाने. जेवून घ्या तिच्यावर."

"करून बघते," गेर्डा म्हणाली.

पहिल्या वेळी तिने सोडलीच नाही. टोकं मुठीत आणखी घट्ट धरली. दुसऱ्या वेळी तिने बोटं उघडली आणि दुसऱ्याच क्षणाला मिटली. तिसऱ्या वेळी तिने डोळे बंद करून सोडून दिली; आणि हेडविगने दोन ढांगांत पुढे झेप घेऊन ती जमिनीच्या वीतभर वरच कवेत झेलली.

कॅमेऱ्यामागून कुणीतरी टाळी वाजवली. आल्ग्रेनना हसू आवरेना. हसता हसता त्यांना खोकला आला, खोकता खोकता ते स्टुलावर बसले.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "मी नुसती पडलेली चादर दाखवीन. सोडणारे हात दाखवायलाच हवेत असं थोडंच आहे." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "मला वाटतं मी गोष्टच जरा चुकीची लिहिलीय."

दिवस कलायला लागला होता आणि त्यांना धक्क्यावरचं एक दृश्य अजून घ्यायचं होतं. दिवे विझले. पोरांनी तारा गुंडाळल्या. बार्ब्रोने दोघींचे आभार मानले आणि ढिगाकडे हात केला. "या राहू द्या तशाच, आमचे लोक उद्या घड्या घालतील."

"ओल्या?" गेर्डा म्हणाली. "या अशाच टाकून जायच्या?"

"मी थांबले असते," एल्ना कोट घालत म्हणाली, "पण दुकान उघडायचंय." दारातून तिने एकदा मागे वळून पाहिलं. काहीतरी बोलावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. मग तिने नुसतंच दार ओढून घेतलं, फार हळू, तिच्या हाताला सवय नव्हती इतकं हळू.

दोघीच राहिल्या. आता सांगायलाही मध्ये कुणी नव्हतं.

काम चालू राहिलं. तिरकी, उलटी तिरकी, सरळ. ढीग एका बाजूने उतरत गेला आणि घड्यांचा दुसरा ढीग चढत गेला. खिडकीतून खाडी दिसत होती, राखाडी आणि शांत. हेडविग प्रत्येक चादरीला मनात म्हणत होती, या वेळी टोकं देताना बोलायचं. टोकं दिली जात, आणि ती मागे सरकत असे. शनिवारच्या दुपारच्या बोटीला दोनच दिवस उरले होते. उद्या डॉक्टरांचा माणूस किल्ली न्यायला येणार होता.

मग ढिगात एकच चादर उरली.

गेर्डाने ती उचलली, तिची किनार बोटांत धरली आणि थांबली. चार बोटं रुंद किनार. ती कुठली हे दोघींनाही पाहताच कळलं होतं. पण ती ढिगात आहे हे हेडविग सकाळपासून जाणून होती, आणि गेर्डाला ते आत्ता कळत होतं.

"ही पण दिलीस तू यांना?" गेर्डा म्हणाली.

सतरा वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि ते असं. हेडविगला आवाज अनोळखी वाटला नाही याचंच तिला नवल वाटलं.

"पेटीतल्या, कपाटातल्या, सगळ्याच काढल्या. ती वेगळी ठेवायला हवी होती."

"ही पेटीतलीच ना?"

"नाही." हेडविगने दुसरी टोकं हातात घेतली. हातात काही असलं की तिला बोलता येई. "ती पेटीत नव्हती. त्या दिवसापासून कपाटात होती. माझ्या पिशवीबरोबर आली तशीच."

"कुठून आली?"

"तिकडून. बोट बोलावली तेव्हा मी ती पिशवीत घातली होती. आई गेल्यावर नर्सला म्हटलं, ही घाला. म्हणाली, इथले नियम आहेत. परत म्हटलं. म्हणाली, बाई, तुम्ही जरा बाहेर बसा." तिने चादरीचा कोपरा बोटांनी सपाट केला, मग पुन्हा केला. "बाहेर बाकावर बसले. ही मांडीवर होती."

गेर्डाने रुंद किनारीवरून अंगठा फिरवला. बाहेर धक्क्यावर कुणीतरी ओरडून कुणालातरी उजवीकडे सरकायला सांगत होतं. सिनेमावाले.

"ओढ," ती शेवटी म्हणाली.

दोघी मागे रेलल्या. तिरकी. या चादरीचं कापड जाड होतं, कधी न वापरलेलं. बाकीच्यांसारखं सहज येत नव्हतं. उलटी तिरकी. सरळ, एकदा, आणि पुन्हा एकदा. पहिली दुमड झाली. चार पावलं पुढे. गेर्डाने आपली टोकं द्यायला हात पुढे केले, हेडविगने घ्यायला केले. आता त्या इतक्या जवळ होत्या की गेर्डाच्या श्वासाला कॉफीचा वास येतो आहे हे हेडविगला कळलं.

"शनिवारी जातेस म्हणे."

"हो."

"स्तुरेकडे."

"हो. त्याने खोली रंगवलीय."

"कुठला रंग?"

"पिवळा."

"पिवळा," गेर्डा म्हणाली, जणू तिला तोही तपासून घ्यायचा होता.

आणि मग हेडविगला गेर्डाची बोटं दिसली. आधी करंगळी उघडली, ती आत वळलेली. मग तिच्या शेजारचं बोट. मग उरलेली, एकेक करून, घाई नव्हती. हेडविगला पुढे होऊन झेलता आलं असतं. दुपारी झेललीच होती. या वेळी तिचे हात जागेवरच राहिले.

चादर दोघींच्या पायांशी जमिनीवर पडली. तिचा आवाजसुद्धा झाला नाही.

"पडली," गेर्डा म्हणाली. ती खिडकीबाहेर बघत होती.

हेडविग वाकली. गुडघे कुरकुरले. तिने चादर उचलली, उलगडली, आणि खिडकीच्या उजेडासमोर धरून वरपासून खालपर्यंत न्याहाळली. सकाळी दोनदा साबणाने घासलेली जमीन होती ती. चादर बर्फासारखी पांढरी होती, कोपऱ्यातली लाल अक्षरं तेवढी सोडून.

"डाग पडलाय," ती म्हणाली.

"मोठा?" गेर्डाने वळून पाहिलं नाही.

"मोठाच आहे."

"मग भट्टी लावावी लागणार. आणि या हवेत ही जाड चादर तीन दिवस तरी वाळायची नाही." गेर्डाने खुंटीवरचा राखाडी कोट काढला, अंगात घातला, आणि एकेक करून सगळी बटणं लावली. "माझ्याकडे घेऊन ये. खाडीच्या त्या बाजूला वारा जास्त असतो."